नावपत्त्यासकट

कांगासबाईंवर जी वेळ आली तिला जबाबदार कोण, असं आमच्या गावात विचारलंत तर चार माणसं चार नावं घेतील. माझं नाव कोणी घेणार नाही, कारण मी नुसतं टाइप केलं. पण टाइप मीच केलं आणि शेवटचं बटणही मीच दाबलं, तेव्हा ही हकिगत मी सांगितलेलीच बरी.

मी गावच्या वाचनालयात कॉम्प्युटरच्या टेबलाशी बसते. पुस्तक मागायला फार थोडे येतात. हरणाच्या शिकारीचा परवाना, पेन्शनचा फॉर्म, विसरलेला पासवर्ड, यासाठी बाकीचे. अमेरिकेच्या उत्तरेला, सुपीरियर तळ्याच्या या टोकाला नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत बर्फ हटत नाही, तांब्याच्या खाणी बंद पडून एक पिढी म्हातारी झाली, आणि सरकारला जे काय विचारायचं असतं ते आता कॉम्प्युटरवरच विचारतं. त्यामुळे अर्ध्या गावाची गुपितं माझ्या बोटांखालून गेलेली आहेत. त्यातलं एकही मी बाहेर फोडलं नाही, याचा मला जरा जास्तच अभिमान होता.

हेल्मी कांगास सत्त्याहत्तर वर्षांच्या. शाळेच्या स्वयंपाकघरात त्यांनी एकतीस वर्षं काढली, म्हणून चाळिशीपुढचं सगळं गाव त्यांना अजून कांगासबाईच म्हणतं. मीही म्हणते. उंच, हाडापेरानं दणकट, तोंडानं फटकळ. ताटात गाजर टाकून उठलं की म्हणायच्या, "तुझ्या पणज्यानं फिनलंडात दुष्काळात झाडाच्या सालीची भाकरी खाल्ली, आणि तुला गाजर जात नाही?" पणजोबाची साल आमच्या सगळ्यांच्याच घशात अडकलेली आहे.

नवरा रेइनो खाणीतला. तो गेल्यावर त्यांनी घर विकलं आणि टॅमरॅक कोर्टात चौदा नंबरच्या खोलीत राहायला आल्या. ही म्हाताऱ्या माणसांसाठी बांधलेली इमारत. जिना नाही, दरवाजे रुंद, मागच्या अंगणात सौना, म्हणजे वाफेची न्हाणी, आणि भाड्याचा मोठा हिस्सा केंद्र सरकार भरतं. गावात अशी दुसरी जागा नाही. पुढची आहे ती नव्वद मैलांवर, आणि तिथेही दोन वर्षांची यादी. म्हणजे चौदा नंबर गेला की कांगासबाईंचं गाव गेलं, इतका साधा हिशोब होता.

आता त्यांच्या हातांचं. संधिवातानं बोटं एका बाजूला वळली होती. सकाळी बटण लावायचं तर वीस मिनिटं. एका औषधानं पोटात रक्त झालं, दुसऱ्यानं मूत्रपिंडं बिघडायला लागली. डॉक्टरांकडे उरल्या त्या अफूच्या जातीच्या जालीम गोळ्या, आणि त्यांचं नाव काढलं की कांगासबाई उठून चालायला लागत. त्यांचा धाकटा भाऊ वाइनो लाकडाच्या ट्रकखाली सापडून कमरेतून मोडला, त्याला याच गोळ्या दिल्या. आठ वर्षांत त्यानं ट्रक विकला, बंदूक विकली, बहिणीच्या घरातलं आईचं कॉफीचं भांडं विकलं, आणि मग मेला.

गांजा त्यांना चर्चमधल्या एका मैत्रिणीनं सांगितला. आमच्या राज्यात तो उघड मिळतो, हार्डवेअरच्या दुकानाला लागूनच दुकान आहे, बाहेर बाक आहे, बाकावर निवृत्त फौजदार बसलेला असतो. कांगासबाई ओढत नसत. जेवणानंतर जेलीची अर्धी वडी खायची आणि बोटांना मलम चोळायचं, संपलं. तासाभरानं बोटं उघडत. पाच वर्षांनी त्यांनी पहिल्यांदा वेलदोड्याचा निसू, म्हणजे वेणी घातलेला फिनी गोड पाव, मळला आणि मला आणून दिला तेव्हा वेण्या वाकड्या होत्या, पण मळला होता स्वतः. त्यांचा चेहरा त्या दिवशी मी पाहिला आहे.

पण राज्याचा कायदा एक आणि केंद्राचा दुसरा. केंद्राच्या कायद्यात अमली पदार्थांच्या पाच याद्या आहेत. पहिलीत सगळ्यात वाईट, म्हणजे ज्यांचा औषध म्हणून काहीच उपयोग नाही असं सरकारचं म्हणणं; तिथे हेरॉइनच्या शेजारी गांजा बसवलेला आहे, गेली पन्नासेक वर्षं. वाइनोला मारणाऱ्या गोळ्या मात्र दुसऱ्या यादीत, डॉक्टरची चिठ्ठी असली की चालतात. त्या वर्षी मे महिन्यात सरकारनं जाहीर केलं की गांजा पहिल्या यादीतून तिसरीत आणायचा विचार आहे, आणि त्यावर जनतेनं दोन महिन्यांत आपलं मत कळवावं. रेडिओवर बातमी लागली आणि दुसऱ्या आठवड्यात कांगासबाई माझ्या टेबलासमोर हजर.

"रीटा, सरकारनं विचारलंय. मी उत्तर आणलंय."

"सगळ्या देशाला विचारलंय हो. एकट्या तुम्हाला नाही."

"मला वगळून विचारलंय असं कुठं म्हटलंय?"

रेघी वहीची दोन पानं होती. अक्षर थरथरतं, पण मांडणी अगदी त्यांच्या शाळेतल्या बाईंनी शिकवलेली. वर उजव्या कोपऱ्यात पूर्ण नाव, टॅमरॅक कोर्ट, खोली नंबर चौदा, गाव, राज्य, तारीख. खाली 'माननीय महोदय'.

मी म्हणाले, "कांगासबाई, हा पत्ता काढूया. नावही नाही दिलं तरी चालतं. इथं नुसती खूण करायची, 'निनावी'. बरेच जण तसंच पाठवतात."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला ताटातलं गाजर आठवलं. "माझ्या बापाची खाणीतली नोकरी कशानं गेली, ठाऊकाय तुला?"

"कशानं?"

"निनावी पत्रानं. कुणीतरी कंपनीला लिहिलं, हा लाल आहे, सभांना जातो. सही नाही, नाव नाही. बाप मरेपर्यंत गावातल्या प्रत्येकाच्या तोंडाकडं बघायचा, हाच का तो म्हणून. चर्चमध्ये हात मिळवताना बघायचा. आमच्या घरात सहीशिवाय कागद बाहेर जात नाही."

"अहो, पण हे तसलं पत्र नाही."

"मग तर नाव हवंच. कर नाही त्याला डर कशाला? लिही."

मी लिहिलं. वेबसाइटवर एका चौकटीत सूचना होती: तुम्ही लिहाल ते सर्वांना वाचता येईल, खासगी माहिती देऊ नका. मी ती अर्धी वाचली. मागे दोघं उभी होती, एकाचा मासेमारीचा परवाना त्याच दिवशी संपत होता. 'सूचना वाचली' अशी खूण केली आणि बटण दाबलं.

पत्र मात्र चांगलं होतं. मला अजून पाठ आहे. "मी कधी कायदा मोडला नाही," असं त्यांनी लिहिलं होतं, "आणि आज मी रोज संध्याकाळी जेवणानंतर मोडते. मला ते आवडत नाही. जी गोळी माझ्या भावानं घेतली ती मी उद्या मागितली तर मिळेल आणि कोणी काही म्हणणार नाही. जी वडी घेऊन मला पाव मळता येतो ती मी चोरासारखी डब्यात ठेवते. यातलं कुठलं वाईट, हे तुम्ही ठरवायचं आहे. मी माझं सांगितलं." खाली सही म्हणून पुन्हा पूर्ण नाव.

देशभरातून चाळीस हजारांच्या वर पत्रं गेली. चाळीस हजारांत एक कोण वाचतोय, असं मला वाटलं. पण आमच्या साप्ताहिकाच्या संपादकाला पानं भरायची असतात. त्यानं वेबसाइटवर आपल्या गावाचं नाव घालून शोधलं, त्याला हे सापडलं, आणि भला माणूस रडलाच म्हणे. जुलैच्या शेवटी त्यानं ते पहिल्या पानावर छापलं. खोलीचा नंबर तेवढा गाळला, बाकी सगळं तसंच.

गाव खूष झालं, हे खोटं नाही. किराण्याच्या दुकानात लोकांनी कांगासबाईंना मिठ्या मारल्या. पाद्रीबाबांनी नाव न घेता प्रवचनात धैर्याचा उल्लेख केला आणि सगळ्यांनी माना त्यांच्याकडे वळवल्या. निवृत्त फौजदारानं बाकावरून उठून टोपी काढली. कांगासबाईंनी पेपरातलं पान कापलं आणि टॅमरॅक कोर्टात कपडे धुण्याच्या खोलीत, सगळ्यांना दिसेल असं, फळ्यावर टाचलं.

ते डार्लानं काढलं. डार्ला म्हणजे इमारतीची व्यवस्थापक, पन्नाशीची, सदा धावपळीत, शाळेत माझ्या चार वर्षं मागे होती. कांगासबाईंनी पुन्हा टाचलं. तिनं पुन्हा काढलं आणि तशीच तणतणत वाचनालयात आली.

"तू समजाव त्यांना, रीटा. माझं ऐकत नाहीत."

"का, तुला माहीत नव्हतं का त्या घेतात ते?"

"चार वर्षं माहितीये! अख्ख्या इमारतीला माहितीये, सहा जणं घेतात. माहीत असणं वेगळं गं. आता लिहिलेलं आहे. लिहिलेलं मला दिसलं नाही असं मी कसं म्हणू? भाड्याच्या करारात स्पष्ट आहे, केंद्राच्या यादीतलं काही चालणार नाही. इमारत चालवणारी ती कंपनी वरून कधीही माणूस पाठवते."

"अगं, सरकारच यादी बदलायला निघालंय."

"निघालंय ना? पोचलं नाही अजून."

मी हसले. खरंच हसले. मला डार्ला भित्री वाटली आणि कांगासबाई थोर वाटल्या, आणि थोर माणसाच्या बाजूला उभं राहिलं की आपणही जरा उंच दिसतो. शनिवारी सौनात मी कांगासबाईंना डार्लाची नक्कल करून दाखवली. त्या तापलेल्या दगडांवर पाणी टाकत म्हणाल्या, "बिचारी. लहानपणापासून ती दुसऱ्याच्या ताटात बघूनच खायची." आणि सोमवारी त्यांनी कात्रण तिसऱ्यांदा टाचलं. याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात, पण तेव्हा तो शब्द माझ्या तोंडात आला नाही.

ऑक्टोबरात कंपनीचा माणूस तपासणीला आला. वाफेचे नळ, धुराची घंटा, धुण्याची यंत्रं. यंत्रांचा फोटो काढताना त्यानं फळ्याचाही काढला. आठ दिवसांनी कांगासबाईंच्या दारात जाड लिफाफा पडला: कराराचा भंग, दहा दिवसांत भेटीस हजर राहावे, अन्यथा जागा रिकामी करण्याची कारवाई.

त्या तो लिफाफा घेऊन माझ्याकडे आल्या. घाबरलेल्या नव्हत्या, चक्रावल्या होत्या. "रीटा, मी पत्र वॉशिंग्टनला लिहिलं. उत्तर यांनी का दिलं?"

मी त्या दिवशी पहिल्यांदा ती चौकटीतली सूचना पूर्ण वाचली. अर्ध्याच्या पुढे नेमकं तेच होतं, पत्ता कसा झाकून घ्यायचा ते, पायरीपायरीनं.

गरिबांना फुकट सल्ला देणाऱ्या वकिलीणबाई आमच्या भागात फोनवर भेटतात. त्यांनी सांगितलं ते मी लिहून घेतलं. नवीन भाडेकरू गांजा घेणारा असेल तर इमारतीनं त्याला घ्यायचंच नाही. आधीपासून राहणारा असेल तर काढायचं की नाही ते मालकाच्या मर्जीवर. काढू शकतो, काढायलाच हवं असं नाही. भांडता येईल, पण हरलात तर दुसरीकडेही सरकारी घर मिळणं कठीण. "मर्जी हाच शब्द धरून बोला," त्या म्हणाल्या.

भेट डार्लाच्या खोलीत झाली. टेबलावर फोन, फोनमध्ये कंपनीच्या बाई, कुठल्या शहरातून बोलत होत्या देव जाणे. आवाज अगदी नम्र. मी कांगासबाईंच्या शेजारी बसले, डार्ला आमच्या नजरा चुकवत स्टेपलर उघडत-मिटत होती.

"मिसेस कांगास, हे पत्र तुमचं आहे का?"

"वर नाव आहे ना?"

मी मध्ये पडले. "हे बघा, आमच्या राज्यात हे कायदेशीर आहे."

"हो मॅडम, कल्पना आहे. पण इमारतीला पैसा केंद्राचा आहे."

"तेच केंद्र म्हणतंय की हे तिसऱ्या यादीत टाकायचं. लोकांना विचारलं म्हणून यांनी लिहिलं. विचारायचं आणि उत्तर दिलं की घरातून काढायचं, ही कुठली रीत?"

"मॅडम, विचारलं त्यांनी. आम्ही नाही. आणि खरं सांगू का, तिसऱ्या यादीत गेलं तरी यांच्या बाबतीत फरक पडणार नाही. तिसऱ्या यादीतलं औषध डॉक्टरच्या चिठ्ठीवर, औषधाच्या दुकानातून घ्यावं लागतं. यांची जेली कुठल्याच चिठ्ठीवर मिळत नाही."

मी पाच-सहा महिने त्या बातम्या वाचत होते, याद्या समजावून सांगत होते, आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. कांगासबाईंनी ज्या बदलासाठी घर पणाला लावलं होतं तो झाला असता तरी त्यांची वडी चोरीचीच राहिली असती. त्या माझ्याकडे बघत होत्या, हे खरं आहे का म्हणून. मी मान हलवली.

"मालकांची मर्जी असेल तर..." मी म्हणाले.

"मर्जी आहे, म्हणून तर बोलतोय," फोन म्हणाला. "आम्हाला कोणालाच बाहेर काढायचं नाही. दोन मार्ग आहेत. एक, मिसेस कांगास यांनी लिहून द्यावं की आजपासून बंद, पुन्हा आढळलं तर जागा सोडीन. दुसरा..." इथे आवाज जरा खाली आला. "हल्ली इंटरनेटवर कोणीही कोणाच्या नावानं काहीही लिहितं. हे पत्र तुमचं नाही, असं तुमचं म्हणणं असेल तर आम्ही ते नोंदवून घेऊ आणि विषय संपवू."

डार्लानं पहिल्यांदा मान वर केली. तिचे डोळे सांगत होते, घ्या, घ्या हे.

मी वाटच बघत होते जणू. "मी टाइप केलं," मी म्हणाले. "वाचनालयाच्या मशीनवरून गेलंय. माझ्या मनानं लिहिलं असं मी लिहून देते. माझं काय व्हायचं ते होवो."

कांगासबाईंनी आपला वाकडा हात माझ्या हातावर ठेवला. दाबला नाही, दाबता येत नव्हता. "गप बस, रीटा. माझं पत्र माझं आहे. आता मी ते नाकारलं तर मीच निनावी झाले." मग फोनकडे वाकून, मोठ्यानं, बहिऱ्याशी बोलावं तसं, "पहिला कागद द्या."

सही करायला त्यांना बराच वेळ लागला. कंपनीच्या बाई फोनवर शांतपणे थांबल्या होत्या.

बाहेर आल्यावर मी त्यांना म्हटलं, "झालं. कागद त्यांना, वडी तुम्हाला. डार्ला काय डबे तपासणार आहे? दुकानातून मी आणून देईन. माझ्या घरी येऊन खा हवं तर."

"सही केली ना मी?"

"अहो, सही काय! सगळे करतात."

"सगळे करतात म्हणून मी एकतीस वर्षं पोरांच्या थाळीत कमी मांस नाही घातलं. सही केली की केली." त्यांनी घरी जाऊन डबा माझ्या हातात दिला, मलमासकट. मी तो माझ्या कपाटात ठेवला. मला त्या दिवशी त्यांचा राग आला. असला खरेपणा काय कामाचा, आपलाच जीव घेणारा! अजूनही येतो.

डिसेंबरात थंडी पडली आणि हात गेले. आधी निसू बंद झाला, मग बटणं, मग काटा-चमचा. त्यांची मैत्रीण सकाळी जाऊन केस विंचरून द्यायची. जानेवारीत मी गेले तेव्हा त्या दोन्ही हात उशीवर ठेवून बसल्या होत्या आणि आवाज न करता रडत होत्या, त्यांना मी याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. म्हणाल्या, "सुनावणीचं काय झालं?" गांजाची यादी बदलण्याआधी एका न्यायाधीशासमोर सुनावणी व्हायची होती, ती जानेवारीत सुरू होणार होती. मी म्हटलं, पुढे ढकलली. "किती?" मी म्हटलं, तारीख दिलेली नाही. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाल्या, "मग डॉक्टरना फोन लाव."

मला कळलं कशाला ते. मी फोन लावला नाही. मैत्रिणीनं लावला.

गोळ्या आल्या. चिठ्ठीवर, रीतसर, पिवळ्या डबीत, डबीवर त्यांचं पूर्ण नाव. डार्लानं त्यांची नोंदही करून घेतली. दुसऱ्या यादीतलं औषध टॅमरॅक कोर्टात चालतं. दुखणं थांबलं, हे मी नाकारत नाही. पहिले पंधरा दिवस त्या शांत झोपल्या. मग दिवसाही झोपू लागल्या. मग गोळीची वेळ व्हायच्या आधी तासभर घड्याळाकडे बघू लागल्या. एकदा मैत्रिणीनं पाच मिनिटं उशीर केला तर तिच्या अंगावर ओरडल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना ते आठवेना. शनिवारी सौनात येणं बंद झालं, डॉक्टरनीच मना केलं, वाफेत चक्कर येईल म्हणून. घर टिकलं. चौदा नंबरच्या दारावर त्यांच्याच नावाची पाटी आहे. डार्ला मला एकदा म्हणाली, "निदान बाहेर तरी नाही पडल्या," आणि स्वतःच तोंड फिरवून गेली.

एप्रिलच्या अखेरीस, बर्फ वितळून रस्त्याला चिखल झाला होता, तेव्हा त्या वाचनालयात आल्या. मैत्रिणीनं दाराशी आणून सोडलं. कोटाची बटणं एक काज सोडून लागलेली. माझ्या टेबलाशी येऊन त्यांनी बराच वेळ घेतला, मला ओळखायला की काय बोलायचं ते जुळवायला, देव जाणे.

"रीटा, सरकारला पत्र लिहायचंय. लिही तू, मी सांगते."

मी पान उघडलं. पत्रं घ्यायची मुदत मागच्या जुलैतच संपली होती. जिथे लिहायची जागा होती तिथे राखाडी अक्षरांत 'बंद' असं लिहिलेलं. मी पडदा थोडा माझ्याकडे वळवला आणि एक कोरं पान उघडून घेतलं. वरातीमागून घोडं, पण त्यांना तसं सांगायची माझी हिंमत झाली नाही.

त्या थांबत थांबत सांगू लागल्या. "मी मागे तुम्हाला लिहिलं होतं. मी गांजा घेते असं त्यात होतं. आता घेत नाही. तुमच्या चोपड्यात तसं दुरुस्त करा. आता मी डॉक्टरनी दिलेलं घेते, त्याला तुमची परवानगी आहे." मग मान खाली गेली. मला वाटलं डोळा लागला. "मी पुष्कळ विसरते. परवा मी पोस्टात गेले आणि का गेले ते आठवेना. तेव्हा तुम्ही दोन्ही पत्रं वाचाल तेव्हा पहिलं खरं धरा. ते लिहिलं तेव्हा माझं डोकं जागेवर होतं."

माझी बोटं थांबली. त्या म्हणाल्या, "झालं का?"

"झालं."

"पाठव."

मी एक बटण दाबलं. कुठलंही.

"गेलं?"

"गेलं," मी म्हणाले. आयुष्यात त्यांच्याशी मी पहिल्यांदा खोटं बोलले, आणि त्यांनी ते घेतलं. मागच्या वर्षीच्या कांगासबाईंनी मला तिथल्या तिथे पकडलं असतं.

"मग बसते थोडी," त्या म्हणाल्या, "उत्तर येईस्तोवर." आणि शेजारच्या खुर्चीवर कोट न काढता बसल्या, नजर पडद्याच्या मागच्या बाजूवर. वाचनालय पाचला बंद होतं. सहा वाजून गेले तरी मला त्यांना उठवायचं कसं ते सुचत नव्हतं.